पाय पाटीवर होता का?

माझ्या भाच्याचा मुलगा शिकण्यासाठी मेलबर्नला आहे. मागच्या पावसाळ्यात त्याने मोबाइलवर मला एक चित्रफीत पाठवली. लांबट गोल मैदान, लांबट चेंडू आणि दोन्ही बाजूंना अठरा-अठरा गडी. तिकडे या खेळाला फुटबॉलच म्हणतात. आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी मात्र त्याचे फारसे नाते नाही. एक गडी उंच उडी मारतो आणि लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलतो. शिट्टी वाजते. विरुद्ध बाजूचा एक गडी त्याच्या समोर येऊन थांबतो. तोच पंच मोठ्याने ओरडतो, ‘स्टँड!’ हा शब्द कानावर पडताच तो गडी जमिनीत रोवल्यासारखा उभा राहतो. हात वर करतो, जागच्या जागी उड्या मारतो, पण डावीकडे नाही की उजवीकडे नाही.

चित्रफितीखाली पोराने लिहिले होते, ‘मामूदादा, तुम्ही सांगता त्या आट्यापाट्यांसारखंच आहे ना हे?’

मी ती चार वेळा पाहिली. पोराचे म्हणणे खोटे नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या त्या हिरव्यागार मैदानावर मला आमची काळी माती दिसली आणि मातीवर राखेने ओढलेल्या रेघा दिसल्या. त्या रेघांसोबत एक जुनी गोष्टही आठवली. ती कुणाला सांगण्याचे धाडस मला आजवर झालेले नाही. ती शेवटी सांगतो. आधी खेळाविषयी बोलू.

आज शाळेत जाणाऱ्या मुलांना आट्यापाट्या हा शब्द ऐकून माहीत असतो, पण खेळ पाहिलेला नसतो. म्हणून थोडक्यात सांगतो. मैदानावर आडव्या नऊ पाट्या आखायच्या. दोन समांतर रेघांमधली अरुंद पट्टी म्हणजे पाटी. या नऊ पाट्यांना मधोमध छेदत एक लांब उभी पाटी जाते, ती सूरपाटी. एका संघाचे नऊ गडी नऊ पाट्यांवर पहारा देतात. दुसऱ्या संघाच्या गड्यांनी समोरून यायचे आणि पहारेकऱ्याला हूल देऊन एकेक पाटी ओलांडायची. पहारेकऱ्याने हाताने शिवले की गडी बाद. शेवटची पाटी पार करून पुन्हा सगळ्या पाट्या ओलांडत जो गडी पहिल्या पाटीबाहेर येतो, त्याने लोण आणले असे म्हणतात.

पहारेकऱ्यावर बंधन एकच, पण मोठे कडक. त्याने आपली पाटी सोडायची नाही. पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हवा तसा धावू दे, वाकू दे, हात लांब करू दे, पण पाय पाटीतच राहिले पाहिजेत. पाय बाहेर ठेवून कुणाला शिवला तर ते शिवणे खरे नाही. अपवाद फक्त पहिल्या पाटीवरच्या गड्याचा. त्याला सूर म्हणतात. तो आपली आडवी पाटी राखतो आणि उभ्या सूरपाटीवरूनही पळू शकतो. आडवी पाटी राखणारा समोरून अडवतो आणि सूर मधल्या पाटीवरून येतो. दोघांमध्ये सापडलेल्या गड्याची जी अवस्था होते, ती कोंडी.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्दांपाशी थबकतो. अमक्या बोलण्यांची कोंडी फुटली असे वर्तमानपत्रात वाचले की मला दोन पाट्यांमध्ये अडकलेला, धापा टाकणारा पोरगा दिसतो. ‘अमक्या गोष्टीचे लोण गावोगाव पोचले’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या बोलण्यामागेही नऊ पाट्या पार करून आलेला कुणी गडी उभा आहे, असे मला वाटते. हूल, हुलकावणी, झुकांडी, चकवा हे शब्द आपण राजकारणासाठी वापरतो. माझ्या कानाला त्यांत अनवाणी पायांचा आवाज येतो.

आमचे गाव मंगरूळपीर तालुक्यात. वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. माझ्या लहानपणी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. सुगी आटोपली, ज्वारी घरात आली की गावाबाहेरची मोकळी जागा आमची होत असे. चुना विकत घेण्याची ऐपत नव्हती. घराघरातल्या चुलींची राख टोपलीत गोळा करायची आणि रेघा ओढायच्या. राखही कमी पडली तर टाचेने माती उकरत जायचे. पाटी किती रुंद? ज्याची टाच रेघ ओढी त्याच्या पावलाएवढी. पाट्या किती? जमलेल्या पोरांच्या संख्येवर. सहा जमली तर तीन पाट्या, दहा जमली तर पाच.

गावागावाचे नियम वेगळे होते. आमच्याकडे पाटीच्या रेघेवर पाय पडला तर चालत असे. शेजारच्या गावात चालत नसे. आमच्याकडे एक पाय पाटीत राहिला तरी पुरे मानत. दुसरीकडे दोन्ही पाय आत हवेत असा आग्रह असे. त्यामुळे दोन गावांची पोरे एकत्र आली की पहिला अर्धा तास खेळ नव्हे, भांडण चाले. आम्ही मुलेच, पण ते भांडण कायद्याचे होते. कुणाचा कायदा चालणार, हाच त्यातला प्रश्न होता.

हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या शहाण्या माणसांपुढे उभा राहिला. तोवर हुतुतू, खोखो, आट्यापाट्या, विटीदांडू हे खेळ ज्याच्या त्याच्या गावचे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यायामाची चळवळ वाढली. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला आणि त्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. बडोद्यात हिंदविजय जिमखान्याने देशी खेळांना मैदान दिले. शहराशहरांचे संघ एकमेकांशी खेळू लागले, तसा गावचा कायदा पुरेना. पुण्याचा पंच एक सांगणार आणि बडोद्याचा गडी दुसरे म्हणणार. मग नियम कागदावर उतरवणे भाग पडले. खोखोचे पहिले लिखित नियम डेक्कन जिमखान्याने १९१४ साली केले. हुतुतूचे नियम १९२३ साली बडोद्याला छापून निघाले आणि तिथे मोठे सामने झाले. पुढे १९३०च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांना एकसारखेपणा आणला. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा अमरावतीच्या मंडळाचे पथक तिथे गेले आणि त्याने आपले देशी खेळ व व्यायामप्रकार जगाला करून दाखवले. अमरावती आमच्यापासून काही फार लांब नाही. लहानपणी ही हकीकत सांगताना आमच्या मास्तरांची छाती फुगत असे.

नियम लिहिले गेले तेव्हा आट्यापाट्यांच्या मैदानाला फूट आणि इंच चिकटले. आडवी पाटी २३ फूट १ इंच लांब आणि १ फूट १ इंच रुंद. सूरपाटी ८९ फूट १ इंच लांब. दोन आडव्या पाट्यांमधली मोकळी जागा ९ फूट ११ इंच. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. तो वरचा एक इंच कशासाठी? मग मी अंगणात खडूने पाटी आखून उभा राहिलो. मोठ्या माणसाचे पाऊल साधारण दहा-अकरा इंचांचे. पाटी तेरा इंचांची. समोर तोंड करून उभे राहिले की पाऊल पाटीत बसते आणि बोटांपुढे व टाचेमागे मिळून दोन-तीन इंच उरतात. माणसाला हलायला मिळते ते एवढेच. पुढे सरकला तर बाहेर, मागे सरकला तर बाहेर. मोकळीक आहे ती फक्त आडवी, तेवीस फुटांची.

असा खेळ फक्त आपलाच नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बंगालात आणि बांगलादेशात तो दाडियाबांधा या नावाने खेळतात. तमिळ मुलखात आणि श्रीलंकेच्या तमिळ भागात किळितट्टू. आपल्या सुरासारखा उभ्या रेषेवर धावणारा गडी तिथे किळी, म्हणजे पोपट. इंडोनेशियात गोबाक सोडोर आहे, मलेशियात गालाह पांजांग आहे आणि फिलिपिन्समध्ये पातिंतेरो आहे. फिलिपिन्समधली मुले चांदण्या रात्री जमिनीवर पाणी ओतून रेषा आखत, म्हणून त्या खेळाचे आणखी एक नाव तुबिगान. त्यांच्या भाषेत तुबिग म्हणजे पाणी. आम्ही राखेने रेघ ओढली, त्यांनी पाण्याने. दोन्ही थोड्या वेळात पुसल्या जाणाऱ्या. तरीही खेळ संपेपर्यंत ती रेघ भिंतीसारखी मानायची, हा करार समुद्राच्या अल्याड-पल्याड सारखाच.

आता त्या मेलबर्नच्या खेळाकडे येतो. तो माणसांनी बसून, ठरवून केलेला खेळ आहे आणि त्याची जन्मतारीखही सांगता येते. टॉम विल्स नावाचा तिथला नामांकित क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेट बंद असते, तेव्हा खेळाडूंचे अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा एक क्लब काढावा, असे पत्र त्याने १८५८ सालच्या जुलै महिन्यात तिथल्या एका क्रीडापत्राला लिहिले. पुढच्या वर्षी, १७ मे १८५९ रोजी, तो आणि त्याचे काही सोबती मेलबर्नमधल्या एका हॉटेलात बसले आणि त्यांनी दहा नियम लिहिले. कुणी इंग्लंडमधल्या एका शाळेत खेळलेला, कुणी दुसऱ्या. प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या शाळेचा कायदा. म्हणजे तिथेही आमच्यासारखाच पहिला अर्धा तास झालेला असणार.

त्या दहा नियमांत एक असा आहे: लाथेने आलेला चेंडू ज्याने थेट झेलला, त्याने ‘मार्क’ असे म्हणावे. मग त्याला मोकळेपणी लाथ मारण्याचा हक्क मिळेल आणि विरुद्ध बाजूच्या कुणीही त्या खुणेच्या आत यायचे नाही. मार्क म्हणजे खूण. झेलणारा ज्या जागी उभा असे तिथे टाचेने जमीन उकरून खूण करी, म्हणून तो शब्द. हे वाचून मी थांबलो. आम्ही पोरे ज्या टाचेने पाटी उकरत होतो, त्याच टाचेने सात समुद्रांपलीकडे एक नियम उकरला गेला होता.

सुरुवातीला तिथे कप्तान आपसात निवाडा करत. पुढे पंच आले आणि पंचांबरोबर प्रश्नही आले. खुणेवर उभा राहणारा गडी नेमका कुठे उभा आहे? खुणेवर, की दोन पावले पुढे चोरून? त्याने बाजूला किती सरकावे? बरीच वर्षे त्याला आडवे सरकायला मिळत असे. लाथ मारणारा डावीकडे झुकला की हाही डावीकडे जाई आणि वाट बंद करी. अशाने खेळ तुंबतो, मोकळा वाहत नाही, अशी तक्रार वाढली. म्हणून २०२१ साली नियम कडक झाला. पंचाने ‘स्टँड’ म्हटले की खुणेवरच्या गड्याने हलायचे नाही. पंच पुढचा खेळ सुरू झाल्याचे सांगेपर्यंत तो जागेवर. हलला तर दंड पन्नास मीटरचा, म्हणजे विरुद्ध बाजूला तेवढे अंतर फुकटात पुढे नेऊन द्यायचे. यावर तिथे खूप वाद झाला. धडधाकट गड्याचा पुतळा करून ठेवला, असे काही जण म्हणाले. आता खेळाला वाट मिळाली, असे दुसरे म्हणाले.

दोन्ही खेळांत प्रश्न एकच आहे. वाट अडवणाऱ्याला किती मोकळीक द्यायची? फार दिली तर पलीकडे कुणी जाऊच शकणार नाही. फार आवळली तर अडवणारा माणूस राहणार नाही, खांब होईल. आपल्या जुन्या लोकांनी पहारेकऱ्याला तेवीस फूट आडवे दिले आणि पुढे-मागे फक्त एक फूट एक इंच. मेलबर्नवाल्यांनी आधी आडवेही दिले होते, नंतर काढून घेतले. यातले बरोबर कोणते, हे मी सांगणार नाही. पण नियम म्हणजे दोन माणसांच्या हक्कांमधला मोजून-मापून केलेला समझोता असतो, हे मला या रेघांनी शिकवले.

मेलबर्नच्या पंचाची मला आणखी एक गोष्ट आवडली. तो शिक्षा नंतर करतो, शब्द आधी उच्चारतो. ‘स्टँड’ हा शब्द गड्याच्या कानावर पडतो, मग बंधन लागू होते. आपल्या खोखोतही असेच आहे. पाठीमागून हात लागून ‘खो’ ऐकू आल्याशिवाय बसलेल्या गड्याने उठायचे नाही. शब्दाआधी उठला तर चूक. एका शब्दावर माणूस जागचा हलत नाही, एका शब्दावर उठून धावत सुटतो. कवीला याहून मोठा मान कोणता हवा?

पण शब्द आणि नियम दोन्ही बाजूंना सारखे माहीत असले तरच त्यांचा उपयोग. नाहीतर काय होते, ते आपण २०२३ साली पाहिले. २०२२चे आशियाई खेळ कोविडमुळे लांबून चीनमध्ये हांगझोऊला २०२३ साली झाले. ७ ऑक्टोबरला कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. भारताच्या त्या संघात आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता, नाशिकचा आकाश शिंदे होता. खेळ संपायला मिनिट-दीड मिनिट उरलेले आणि गुण २८-२८. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श होण्याआधीच बाजूच्या राखीव पट्टीत गेला. त्याच्या मागोमाग इराणचे काही गडीही त्या पट्टीत गेले. झटापट झाल्याशिवाय त्या पट्टीत जायचे नसते. चढाई करणारा बाद, यावर वाद नव्हता. पण त्याच्या मागे गेलेल्यांचे काय? नियमाचा जुना अर्थ एक सांगत होता, नवा अर्थ दुसरे. निर्णय झाला, बदलला, पुन्हा बदलला. गडी मैदानावर बसून राहिले. जवळपास तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला.

आपण जिंकलो, मलाही आनंद झाला. पण तो तास पाहताना मला आमच्या गावचे ते अर्ध्या तासाचे भांडण आठवले. फरक इतकाच की आम्ही ते खेळाआधी करत होतो.

आता ती जुनी गोष्ट.

१९९१ सालचा जानेवारी. मी नुकताच बीए झालो होतो आणि नोकरीच्या शोधात घरी बसून होतो. आमची सर्वांत थोरली आपा जवळच्या एका गावी दिली होती. सव्वीस जानेवारीच्या निमित्ताने तिथे दोन गावांचा आट्यापाट्यांचा सामना ठरला. पंच हवा होता. मी तिसऱ्या गावचा, शिकलेला आणि लहानपणापासून खेळलेला. आपाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, यजमान गावच्या संघात होता. पाहुण्या गावातल्या एका म्हाताऱ्याला मी ते आधीच सांगितले. तो म्हणाला, ‘असू द्या ना. शिट्टी तुमची हाये, भाच्याची नाही.’ मला त्या विश्वासाचे फार अप्रूप वाटले.

दुपारी धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी शिंपडले होते. माती ओलसर, काळी, मऊ. राखेच्या रेघा उठून दिसत होत्या. शेवटचा डाव आला तेव्हा सामना एका लोणावर अडला होता. पाहुण्या गावचा एक पोरगा, चौदा-पंधरा वर्षांचा, काटक, फाटक्या बनियनचा, शेवटच्या पाटीपर्यंत जाऊन परत येत होता. सात पाट्या त्याने परतीच्या वाटेवर मागे टाकल्या होत्या. दोनच राहिल्या होत्या. त्यांतली पहिली माझ्या भाच्याची.

पोराने डावीकडे हूल दिली आणि उजवीकडून निघाला. भाच्याने झेप घेतली. त्याचा हात पोराच्या पाठीला लागलेला मी स्पष्ट पाहिला आणि शिट्टी मारली. बाद. यजमान गाव ओरडत मैदानात शिरू लागले.

तो पोरगा हलला नाही. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, ‘पंचभाऊ, पाय पाहा त्याचा.’

मी खाली पाहिले. ओल्या मातीत भाच्याच्या पावलाचा ठसा उमटला होता. रेघेच्या चार बोटे बाहेर. टाच, अंगठा, सगळे स्वच्छ. ती ओली माती त्या दिवशी आमचा तिसरा पंच होती आणि तिने आपला निर्णय दिला होता. मी हात पाहत राहिलो होतो, पाय पाहायला विसरलो होतो. चूक इथपर्यंत माफ करण्यासारखी होती. चूक कोणाची होत नाही?

पण मी तो ठसा पाहिला आणि तरीही म्हणालो, ‘पंचाचा निर्णय अखेरचा असतो.’

तेवढ्यात माणसे आली, नाचू लागली आणि त्यांच्या पायांखाली तो ठसा गेला. पोराने एकदा जमिनीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि सदरा खांद्यावर टाकून निघून गेला. म्हाताऱ्याने जाताना मला रामराम केला. तो रामराम मला अजून टोचतो. त्या रात्री आपाने जेवायला वाढताना विचारले, ‘सच बोल, पाँव अंदर था ना?’ मी मान हलवली. भाचा ताटाकडे पाहत जेवत राहिला.

मी असे का केले, याचा विचार मी खूप वेळा केला आहे. भाच्यासाठी नव्हे, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले. एकदा दिलेला निर्णय बदलला तर लोक पंचाला कच्चा म्हणतील, ही भीती होती. शिकलेल्या माणसाचा ताठा होता. पण त्या पोराच्या बाजूने पाहिले तर या सगळ्याने काय फरक पडतो? त्याने सोळा पाट्या नियमाने ओलांडल्या होत्या. पहारेकऱ्याने पाटी सोडली आणि पंचाने खरेपणा सोडला. सगळ्यांत आपल्या जागेवर राहिला तो एकटा.

त्या दिवसानंतर मी शिट्टी हातात धरली नाही. पण देशी खेळांविषयी जे सापडेल ते वाचत गेलो. नियमांची पुस्तके लोकांना रूक्ष वाटतात. मला त्यांच्या प्रत्येक ओळीमागे असा एखादा पोरगा दिसतो. पाय पाटीतच हवा, पाटी एक फूट एक इंचच हवी, खुणेच्या आत कुणी यायचे नाही, शब्द आधी उच्चारायचा. कुठे ना कुठे कुणावर तरी अन्याय झाला असेल, म्हणूनच या ओळी लिहाव्या लागल्या असतील.

कबड्डी १९९०मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत पोचली. खोखोचा विश्वचषक जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला झाला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या आपल्या महाराष्ट्राच्या कर्णधारांनी पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही चषक भारताला मिळवून दिले. आट्यापाट्यांचीही राष्ट्रीय संघटना १९८२ साली झाली आणि विदर्भात हा खेळ जपणारी माणसे आहेत. तरी तो मागे राहिला, हे खरे. मला वाटते, त्याचे एक कारण पंचाचे डोळे. नऊ पाट्यांवर अठरा पाय. ते पाहायला खूप डोळे लागतात आणि जे पाहिले ते बोलण्याचे धाडस तर त्याहून जास्त लागते.

मेलबर्नच्या पोराला मी उत्तर पाठवले: हो, आपल्या आट्यापाट्यांसारखेच आहे, आणि नियम सांगायला पंच तिथे मोठ्याने ओरडतो हे फार चांगले आहे. त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या भाच्याला, मी त्या सामन्याविषयी अजून काही विचारलेले नाही. विचारण्याची गरजही नाही. तो ठसा त्याचा होता, शब्द माझा होता.

पाहुण्या गावचा तो पोरगा आता पन्नाशीला आला असेल. त्याचे नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हते. कदाचित त्याच्या शेतावरच्या झाडाला रेडिओ टांगलेला असेल, कदाचित त्याच्या घरी कुणी हे पान वाचत असेल. म्हणून तेव्हा जे मैदानात मोठ्याने सांगायला हवे होते, ते आज इथून सांगतो. गड्या, मी पाय पाहिला होता. तो पाटीच्या बाहेर होता. त्या दिवशी तू बाद नव्हतास.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)